गोगलगायींचे सुगंधी प्रशिक्षण

कासू गावच्या हौसाबाईंनी शिराळ्याच्या वेलाच्या मांडवावर गोगलगायी चढल्याची तक्रार पेणच्या कचेरीत केली आणि तिची गंभीर दखल घेण्यात आली. गोगलगायी मारणे हे मागासलेपणाचे लक्षण असल्याने त्यांना प्रशिक्षण देण्याचे ठरले. त्यासाठी हैबतराव नावाचे साहेब जीपने आले.

"ओल्या पोत्यावर अत्तर शिंपडायचं, खाली पपई ठेवायची," साहेब म्हणाले. "अत्तर म्हणजे जेवण, हे एकदा मनावर बिंबलं की त्या मांडव सोडून पोत्याकडे येतील. मग गोळा करा."

"मी आताच येचून मिठाच्या पाण्यात टाकते ना!"

"ते गोळा करणं अप्रशिक्षित आहे, बाई."

"गप ऱ्हा गो हौसा," नवरा काळुराम कुजबुजला. "सायेब शिकलेले हायेत."

आश्चर्य म्हणजे गोगलगायी शिकल्या. वास येताच शिंगे रोखून पोत्याकडे निघू लागल्या. मांडवाला शिराळी लोंबली, हौसाबाई हरखल्या.

भर पावसात मंडप घालून साहेबांचा सत्कार झाला. वरचे अधिकारी पाहुणे म्हणून रोह्याहून आले. रिवाजाप्रमाणे सर्वांच्या मनगटाला अत्तर लावले गेले. भाषण रंगात आले तेव्हा पाहुण्यांच्या विजारीवर काहीतरी सरकत होते.

"हे काय?" पाहुणे ओरडले.

"प्रशिक्षणार्थी, सर."

पाहुणे भारावले. त्यांनी योजना तालुकाभर लागू केली. अत्तर पिंपांनी आले. पपई मात्र खाद्यपदार्थ ठरल्यामुळे वेगळ्या मंजुरीत अडकली. पोती नुसतीच घमघमू लागली.

गोगलगायी आल्या, पोते चाचपून परत गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा उपाशी गेल्या. मग यायच्याच थांबल्या आणि थेट मांडवावर चढल्या.

"सायेब, एक शिराळं उरलं नाय!" हौसाबाई रडकुंडीला आल्या. "तुमच्या नादानं मी येचायचं सोडलं!"

"गोगलगायींत चिकाटीच नाही," हैबतराव खिन्नपणे म्हणाले. "आपण सभा घेऊ."

सभेच्या दारात अत्तर लावण्यात आले. पपई लवकरच येत असल्याचे जाहीर झाले. टाळ्या पडल्या. पुढच्या सभेतही अत्तर होते, पपई येतच होती, टाळ्या वाढल्या होत्या. त्यापुढच्या सभेला तर मंडप अपुरा पडला. हौसाबाई मनगट हुंगत उभ्याच राहिल्या, कारण बसायला जागा नव्हती.

जागा, वाचकहो, तुम्ही अडवली होती. पुढून दुसरी रांग.