पांढरी बकरी, पिवळे हात

चित्रांच्या पुस्तकातली बकरी पांढरी होती, इथूनच सगळं बिघडलं. ती काळी नाहीतर ठिपक्याठिपक्यांची असती, तर सरस्वतीपुरमच्या त्या बालवाडीत काही म्हणता काही घडलं नसतं. पण पुस्तकं काढणाऱ्यांचं काय जातं! ते चित्र काढून मोकळे होतात, निस्तरावं लागतं वर्गातल्या मिसला.

मिस म्हणजे चैत्राली. नवऱ्याची, देवेशची, हूटगळ्ळीच्या कारखान्यात बदली झाली म्हणून नाशिकहून आलेली. म्हैसूर छान होतं. हवा छान, रस्ते छान, फक्त बोलायला माणूस नव्हतं. देवेश सकाळी "चल, निघतो" म्हणायचा आणि रात्री "दमलो गं" म्हणायचा. मधला सगळा दिवस तिचा एकटीचा. बालवाडीत ती इंग्रजीत विचारायची, मुलं कन्नडमध्ये उत्तरं द्यायची. घरी आली की ती कुकरशी मराठीत बोलायची आणि तो शिट्टी मारून गप्प व्हायचा.

तर बकरी. तिला रंग हवा असतो. ती फुलाकडे मागते, पानाकडे मागते, कुणी देत नाही. शेवटच्या पानावर एक रंगारीण आजी तिचे चारही खूर पिवळ्या रंगात बुडवते आणि बकरी उड्या मारत घरी जाते. एवढं वाचून झाल्यावर मुलांनी रंगांची नावं सांगावीत, अशी चैत्रालीची साधीसुधी अपेक्षा. पण अन्विता नावाच्या चिमुरडीने हात वर केला.

"मिस, ती आजी कुठे राहते?"

"अगं, पुस्तकात."

"आणि पुस्तक मिटल्यावर?"

आता यावर काय सांगणार, कपाळ! चैत्रालीच्या तोंडून निघून गेलं, "मागच्या गल्लीत."

ही काही अगदीच थाप नव्हती. मागच्या गल्लीत भवानीबाई राहायच्या. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात मुरलेलं, एके काळच्या रंगाऱ्यांचं मराठी घर. एकदा भाजीच्या गाडीवर चैत्रालीला काही केल्या बोलणं जमेना, तेव्हा मागून आवाज आला होता, "अय्यो, काय पाहिजे ते मला सांग की गं पोरी!" मराठी ऐकून चैत्रालीला टोमॅटोंसमोरच रडू फुटलं होतं. त्या दिवसापासून तिला त्या गावात जायला एक घर झालं.

मुलांना आणू का, असं विचारायला ती गेली, तेव्हा भवानीबाई पाटावरून ताडकन उठल्या. "आण की! सगळ्यांना आण! सासरे माझे साड्या रंगवायचे. रंग म्हणजे माझ्या हातचा मळ!"

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सासऱ्यांचं रंगकाम भवानीबाई लग्न होऊन यायच्या आधीच बंद पडलं होतं. त्यांनी जन्मात रुमालसुद्धा रंगवला नव्हता. पण यजमान गेलेले, मुलगी बेंगळुरूला, ती फोनवर "जेवलीस ना?" विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवते. अशा घरात कुणी वर्गभर पोरं आणू का विचारलं, तर माणूस आपण विमान चालवतो असंही सांगून टाकेल.

बुधवारी मुलं आली. बुधवारचा गणवेश पांढरा, हे ओघाने आलंच. अंगणात पितळेचं घंगाळ होतं. भवानीबाईंनी पाठ करून त्यात कसलीशी पूड ओतली आणि वर कापूर चुरडला. "आमच्या घराण्याचा गुप्त रंग," त्या ऐटीत म्हणाल्या. मुलांनी हात बुडवले, चैत्रालीनेही बुडवले. भिंतीवर पंजे, एकमेकांच्या पाठीवर पंजे, भवानीबाईंच्या पातळावर पंजे. "असू दे, असू दे," असं म्हणत त्या स्वतःच पाठ पुढे करत होत्या. मुलं बकरीसारखी उड्या मारत घरी गेली.

घरी आयांनी साबण काढला आणि पिवळे हात लालभडक झाले. मग घाबरून आणखी साबण लावला, तर आणखी लाल. गणवेशांवरचे पंजे तर असे दिसायला लागले की जणू वर्गात मारामारी झाली होती. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी कुठल्यातरी भलत्याच माणसाच्या फोड आलेल्या हातांचा फोटो टाकला, आणि मग काय विचारता! अन्विताच्या आईचा, रम्याचा, संदेश आला, "मिस, कुठलं केमिकल लावलंत माझ्या मुलीला?" पाठोपाठ मुख्याध्यापिका पुष्पावती मॅडमचा फोन. "उद्या त्या आजींकडे जाऊन काय तो सोक्षमोक्ष लावू. आणि त्यानंतर मुलांनी त्या गल्लीत पाऊल ठेवायचं नाही. तुम्हीसुद्धा."

ते "तुम्हीसुद्धा" चैत्रालीला सगळ्यात जास्त लागलं. नोकरी दुसरी मिळाली असती. तसं घर कुठून मिळणार?

सकाळी पुष्पावती मॅडम आणि सगळे पालक मुलांना घेऊन भवानीबाईंच्या दारात. त्या एवढी गर्दी बघून हरखल्याच. "किती माणसं! बसा, बसा, कापी टाकते."

"आधी रंग कसला होता ते सांगा!" रम्या कडाडली.

भवानीबाईंचा चेहरा पडला. "हळद," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि?"

"कापूर. वासाला."

मग पुष्पावती मॅडमना हसू फुटलं. "हळदीला साबण लावलात होय! लाल होणारच की! नुसत्या पाण्याने धुतलंत की परत पिवळं." पण रम्या मागे हटायला तयार नव्हती. "ते ठीक आहे. पण हे जाणार कधी?"

भवानीबाईंनी अंगणाकडे पाहिलं. मुलं आईचे हात सोडून केव्हाच घंगाळाभोवती नाचायला लागली होती. मग त्या एकदम म्हणाल्या,

"उन्हाने जाणार. कपड्यावरची हळद उन्हात उडते की नाही? तसंच. शाळेआधी रोज इथे येऊन तळहात पसरून बसायचं. आठवडा तरी लागेल."

"आम्ही घरी बसवू उन्हात."

"तुमच्या फ्लॅटात सकाळचं ऊन येतं?"

कुणाच्याच येत नव्हतं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून अंगणात मुलांची रांग, तळहात वर करून. चैत्राली मधे बसून बकरीचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायची. आया पायरीवर कॉफी प्यायच्या. भवानीबाई अंधारातच उठून अंगण झाडायला लागल्या. भांडायला आलेली रम्या एकदा डबाभर इडल्या घेऊन आली आणि भांडायचं विसरूनच गेली.

एका संध्याकाळी चैत्राली डोक्याला खोबरेल तेल लावत होती. तेलाचा हात तिने जुन्या फडक्याला पुसला, तर फडकं पिवळं आणि हात स्वच्छ. दुसरा चोळला, तोही स्वच्छ. तिला आधी खूप हसू आलं. मग लक्षात आलं, की जन्मभर हळदीत हात घातलेल्या बाईला हे ठाऊक नसेल? एवढं खोटं बोलायला माणूस किती एकटं असावं लागतं, हे चैत्रालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती तशीच तेलकट हातांनी बसून राहिली.

सकाळी तिने हात ओढणीत लपवले. पण अन्विता ओरडली, "मिस, पान उलटा ना!" आणि हात बाहेर काढावेच लागले.

"मिसचा रंग गेला! सगळा गेला!"

रम्याचा कॉफीचा पेला अर्ध्यावर थांबला. उंबऱ्यातल्या भवानीबाई चोरी पकडल्यासारख्या उभ्या. "तेल लागलं काय गं?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

चैत्रालीने शेजारच्या अन्विताचे तळहात पाहिले. ते कालच्यापेक्षाही पिवळे होते, नखांच्या कडांना तर हळद अजून ओली होती. तिने रम्याकडे पाहिलं. रम्या एकाएकी अंगणातल्या नारळाच्या झाडाकडे बघायला लागली.

"छे हो आजी, तेल कुठलं?" चैत्राली म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "उन्हानेच गेला. पण मग मी उद्यापासून कशाला यायचं? घंगाळात काही उरलंय का बघा ना."

भवानीबाई गुडघेदुखी विसरून हळदीचा डबा आणायला आत धावल्या. आतूनच त्यांनी ओरडून विचारलं, "कापूर घालू काय?"

"घाला," चैत्राली म्हणाली. "वासाला."