कुणालाही जमेल असं सॉफ्टवेअर

वस्तू निवडावी तर मीच! आमच्या सोसायटीची लिफ्ट, सासऱ्यांचं श्रवणयंत्र, मेहुणीचा नवरा, सगळं माझ्या पसंतीचं. आणि तिन्ही अजून चालू आहेत! त्यामुळे आमचे मालक रणजित शितोळे यांनी ऑफिससाठी लिहायचं नवं सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "साहेब, झालंच समजा!"

शनिवार पेठेतलं आमचं ऑफिस मिक्सर, गिझर, कुकर यांच्या माहितीपुस्तिका तयार करतं. लिहिणारी माणसं दोनच. प्रियदर्शनीबाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून कसब्यातून रोज चालत यायच्या. दुसरे उत्तरेश्वरकाका, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. दोघांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही लावलेला टाइपरायटर.

मी निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर मोठं किंवा लाल करायची भानगडच नव्हती. ओळ लिहायची आणि ती काय आहे ते सांगायचं: शीर्षक, पायरी की इशारा. बाकीची सजावट ते आपोआप करणार.

"इतकं सोपं, की कुणालाही जमेल!" मी जाहीर केलं.

"आम्हाला जमेल का, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या.

पहिलीच पुस्तिका मिक्सरची. बाईंना मोतीबिंदू. 'शीर्षक' म्हटलं की अक्षर मोठं दिसतं हा शोध त्यांना लागला, आणि त्यांनी ओळन् ओळ शीर्षक करून टाकली! इकडे काकांनी सगळ्याचा इशारा केला.

"काका, 'भांडं पुसून ठेवा' हा इशारा कसा?"

"अहो, आमच्याकडे न पुसलेल्या भांड्यानं छप्पर उडालं असतं!"

पुस्तिका तयार झाली. अनुक्रमणिका मजकुरापेक्षा लांब, आणि पानोपानी इशाऱ्याचे लाल त्रिकोण, जणू मिरच्या वाळत घातल्यात! मिक्सरवाल्यांचा फोन आला, "आम्ही मिक्सर विकतो हो, बॉम्ब नाही!"

शितोळेसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतही जागेवरून हललो नाही. सॉफ्टवेअरला कुलपं घातली. वाक्यं तयार ठेवली. लिहिणाऱ्यानं यादीतून फक्त निवडायची.

"मग आम्ही लिहायचं काय?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही! तीच तर गंमत!"

त्यांनी तरीही एक वाक्य लिहून पाहिलं: 'जवळ मूल असेल तर आधी त्याला उचलून घ्या, मग बटण दाबा.' पडद्यावर लाल अक्षरं आली: येथे मजकूर चालत नाही. बाईंनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ पदराने पुसत बसल्या.

गिझरची पुस्तिका मात्र तासाभरात तयार! एकही त्रिकोण जास्त नाही! साहेब खूश झाले.

"आमोद, खरंच कुणालाही जमेल हे?"

"कुणालाही!"

"आपल्या शेफालीला?"

शेफाली आमच्याकडे फोन घेते. मी म्हणालो, "तिला तर डोळे मिटून जमेल!"

संध्याकाळी साहेबांनी बाईंना आणि काकांना आत बोलावलं. एक तारखेपासून येऊ नका, असं अगदी गोड आवाजात सांगितलं. ते ऐकून मी तडक आत गेलो.

"साहेब, या दोघांना काढू नका. चूक असेल तर माझी..."

"अरे हो, बरं झालं आलास! तुलाही सांगायचं होतं. तुझं काम निवडायचं होतं ना? झालं की निवडून!"

आम्ही तिघं खाली चहाच्या टपरीवर उभे राहिलो. काकांनी माझ्या हातात ग्लास दिला आणि म्हणाले, "सांभाळून, गरम आहे."

"बाई, मला खरंच वाटलं होतं, तुमचं काम सोपं होईल."

बाईंनी शांतपणे चहा संपवला, पिशवी खांद्याला लावली.

"आमोद, आपण फार हुशार आहात," त्या म्हणाल्या. "पुढच्या नोकरीत जरा कमी असा."

असेन की. ती मिळू तर दे!