कोपऱ्यातली तीन घरं

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये देवस्थळी काकांकडे गेलं, की चहाच्या आधी ताकीद मिळायची. "कपाटाला टेकू नका. हात लावलात की गेलात." कपाटावर रेघा मारलेली प्लायवूडची फळी होती आणि तिच्यावर शर्टाची काळी-पांढरी बटणं.

हा 'गो'चा डाव. काका वागळे इस्टेटमध्ये नोकरीला. तिथे मशीन बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनियरने त्यांना शिकवलेला. जास्त जागा वेढेल तो जिंकला. काकांनी तो धाकट्या भावाला, वसंताला, शिकवला आणि स्वतःच्या हाताने पंचाईत ओढवून घेतली.

एकदा डाव संपला, घरं मोजताना घोडं एका कोपऱ्यात अडलं. तिथे जो आधी बटण ठेवेल त्याचंच नुकसान. म्हणून कुणीच ठेवायचं नाही आणि काळ्याची तीन घरं धरायची, असा जुना जपानी नियम. काळी बटणं काकांची. तीन धरली तर ते एका घराने जिंकत होते.

"अण्णा, फुकटची घरं कशी घेतोस? खेळून दाखव," वसंता म्हणाला.

"तू ठेव आधी."

"तू मोठा, तू ठेव."

शब्दाने शब्द वाढला आणि वसंता चपला घालून डोंबिवलीला आपल्या घरी गेला तो गेलाच. अर्धा मोजलेला डाव तसाच कपाटावर चढला.

मग येईल त्याला काका निवाडा मागायचे. इस्त्रीवालाही सुटला नाही. काकू दसऱ्याला फळीच्या कडेकडेने फडकं मारायच्या आणि संक्रांतीला म्हणायच्या, "डोंबिवलीला तिळगूळ देऊन या की."

"तो धाकटा. त्याने यावं."

तिकडे वसंता म्हणे, मोठ्याने बोलवावं. लाडू दोन्हीकडे दगड व्हायचे.

एका थंडीत वसंता अचानक गेला. तेराव्याहून परतल्यावर काकांनी मला हाक मारली. फळी स्वतः खाली काढली, धुळीतलं एक काळं बटण उचलून त्या कोपऱ्यात ठेवलं.

"आता पांढरं तुम्ही ठेवा. इथे."

मी ठेवलं. काकांनी बोटाने घरं मोजली. दोनच भरली.

"बरोबरी," ते म्हणाले. "मी हरणारसुद्धा नव्हतो हो. नुसती बरोबरी होत होती."

मला फार वाईट वाटलं.

"अगं, फळी पुसून टाक आता," काकांनी आत सांगितलं.

काकू फडकं घेऊन आल्या आणि बटणांना धक्का न लावता कडेकडेनेच पुसत राहिल्या.