गेनूतात्यांचा फॉल्ट

गेनूतात्यांच्या ताटात भाकरी पडली, की ते आधी तिची भेग शोधत. भेगेवर भाकरी मोडत, एक तुकडा बोटभर खाली सरकवत आणि सुनेला विचारत, "आता सांग, खचली कोन आन् ऱ्हायली कोन?" बिचारी पुढच्या वेळी भाकरी आणखी जपून थापायची.

वेल्ह्याच्या शाळेवर माझी बदली झाली आणि हा शेजार लाभला. भिंतीला, बांधाला, उन्हाळ्यात तडकलेल्या रानाला, कुठंही चीर दिसली की तात्या तिथं उकिडवे बसलेच. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याला भूकंपाचा धसका आहे.

खरा प्रकार वेगळाच होता. जर्मनच्या लढाईत तात्या धाकट्या भावाला, हरीबाला घेऊन पॅलेस्टाईनात खेचरं हाकायला गेले होते. तिथं वाळवंटातल्या एका खोल दरीत त्यांना जमिनीचा अभ्यास करणारा गोरा साहेब भेटला. ही दरी नदीनं कोरलेली नाही, दोन्ही अंगांना चिरा पडून मधला पट्टाच खाली बसला, असं त्यानं सांगितलं. त्या चिरेला तो 'फॉल्ट' म्हणाला. तात्यांना हा शब्द कवायतीतला ठाऊक. बटण तुटलं की फॉल्ट, आणि वर शिक्षा.

"म्हंजी बगा गुर्जी, धरतीचीच चूक झाली. पर तिला शिक्षा कोन करनार?"

भाटघरला धरण बांधत होते तेव्हा तात्या मुद्दाम बघायला गेले आणि तिथल्या इंजिनिअरला अदबीनं म्हणाले, "सायेब, तुमच्यात फॉल्ट किती?" पुढं काय झालं ते मात्र सांगत नसत.

मला त्यांचा रोजचा एकच प्रश्न. "ती दरी अजून खचतिया का वो?" मी थट्टेवारी न्यायचो. एकदा म्हटलं, "तात्या, तिथं जमीन घेऊन ठेवलीय की काय?"

"हरीबा हाय तितं," ते म्हणाले. "तापानं गेला. जाळाया सरपन कुठलं त्या वाळूत? म्या पुरला. लई खोल बी न्हाई खनलं, घाई हुती. आता दरीबरूबर त्यो बी खाली चाललाय का, येवढंच कळाया पायजे."

असल्या गोष्टी फार सावकाश होतात, आपल्या हयातीत ती दरी नखभरही खचायची नाही, असं मी सांगितलं.

तात्यांनी आपलं नख निरखून पाहिलं. "मंग त्यो हाताला लागंल अजून."

संध्याकाळी ते आमच्याकडं जेवायला होते. त्यांनी भाकरी मोडली, दोन्ही तुकडे ताटात नीट जुळवून ठेवले आणि वाढणाऱ्या माझ्या बायकोला काहीच विचारलं नाही.