घाटपांडे काकांची निळी टेप

"रिमोट लपवा रे, टेपवाले काका आले!"

नितीनदादा जिन्यावरून खाली ओरडला आणि बेसमेंटमधली मोठी माणसं हसली. मुलं हसली नाहीत. रिमोट लपवून काही उपयोग नसतो, हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं.

घाटपांडे काका खाली उतरले. पायांत एकावर एक दोन मोजे, एका हातात रियाच्या वाढदिवसाची भेट, दुसऱ्या हातात निळ्या टेपचं रीळ. भिंती रंगवताना कडेला लावतात ती टेप. ओढली की निघते, मागे डाग राहत नाही. काकांनी भेट टेबलावर ठेवली, टीव्हीपासून पावलं मोजली, गुडघ्यांवर बसले आणि गालिच्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळी रेघ ओढली.

"हं. सगळ्यांनी रेघेच्या मागे."

"काका, वी आर नॉट बेबीज," रिया म्हणाली. ती त्या दिवशी सात वर्षांची झाली होती.

"म्हणून तर रेघ काढली. बेबीज असता तर भिंत बांधली असती."

मग त्यांनी गळ्यात दोरीनं अडकवलेला स्वयंपाकघरातला टायमर वीस मिनिटांवर लावला. तो वाजला की मुलांनी डीव्हीडी थांबवायची, काचेच्या दारापाशी जायचं आणि लांब बघायचं. जानेवारी महिना. बाहेर बर्फ, त्यापलीकडे शेजाऱ्यांचं गॅरेज, त्यापलीकडे पुन्हा बर्फ.

"काका, देअर इज नथिंग देअर."

"नथिंगच बघ. डोळ्यांना फार चांगलं."

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात मी तीन वर्षं राहिले. तिथल्या बहुतेक मराठी घरांत टीव्हीसमोर ही रेघ मी पाहिली आहे. काका जेवायला आले की रेघ यायची, ते गेले की यजमानीण ती ओढून कचऱ्यात टाकायची. कोणी वाद घालत नसे. काकांशी वाद घालायचा म्हणजे ते खिशातून मोजपट्टी काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तीस वर्षं त्यांनी वूस्टरजवळच्या एका कारखान्यात बेअरिंग तपासली होती. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाचा फरक सापडला, तर अख्खी पेटी परत. ही सवय घेऊन ते माणसांतही वावरायचे. फक्त एका बाबतीत त्यांचा हिशेब उलटा होता. माणसांनी स्वतःपुढे ठेवलेली उद्दिष्टं त्यांना फार मोठी वाटत.

"अर्धं कर," ते म्हणायचे.

एक जानेवारीला कोणी म्हणालं, या वर्षी वीस पाउंड कमी करणार, की काका लगेच: "अर्धं कर."

"बरं, दहा."

"अर्धं."

"काका, पाच पाउंड तर जेवण चुकवलं तरी उतरतात!"

"मग कर की. एक जेवण चुकव. झेपेल ते लिही." आणि खिशातून कोरं कार्ड निघायचं. त्यावर काका इंग्रजी कॅपिटल अक्षरांत उद्दिष्ट लिहायचे, खाली तारीख आणि स्वतःची सही, जशी पेटीवर मारत असतील तशी. कार्ड तुम्हाला मिळायचं, नक्कल त्यांच्या खिशात राहायची. नितीनदादाच्या बायकोचं, मंजिरीताईंचं, रोज तासभर चालण्याचं उद्दिष्ट असं अर्धं होत होत पत्रपेटीपर्यंत आलं होतं. त्या रोज पत्रपेटीपर्यंत जायच्या. बर्फातसुद्धा. त्याबद्दल हसायच्या, पण जायच्या.

काकांची आणखी एक तऱ्हा होती, तिचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही. ते कोणाकडे काही फेकत नसत. गाडीची किल्ली मागितली तर पार्किंग लॉट ओलांडून येऊन तळहातावर ठेवायचे. मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत क्रिकेट झालं, तेव्हा त्यांना सीमारेषेवर उभं केलं. चेंडू त्यांच्याकडे गेला. काकांनी तो उचलला आणि घेऊन चालत निघाले. "फेका, काका, फेका!" सगळे ओरडत होते. फलंदाज चौथी धाव पूर्ण करून पाचवी काढावी का, या विचारात उभे. काका शांतपणे आले आणि चेंडू बोलरच्या हातात दिला. "हं. धर नीट."

आमची ओळख कपडे धुण्याच्या खोलीत झाली. माझ्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, तळमजल्यावर, ते एकटे राहत. काकू गेल्यावर त्यांनी घर विकलं होतं. मुलगी मीना कॅलिफोर्नियात. शनिवारी सकाळी आठला मी कपडे घेऊन जायची, कारण त्या वेळी तिथे कोणी नसतं. काकाही नेमके त्याच वेळी यायचे, बहुधा तिथे कोणी भेटलं तर बरं म्हणून.

मी फार बोलत नाही. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मराठी माणसांच्या घोळक्यात माझं वाक्य मनात जुळून येईपर्यंत विषय दोनदा बदललेला असतो. पार्टीत मी बेसमेंटमध्ये मुलांजवळ बसते. मुलं इंग्रजीत बोलतात आणि माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवत नाहीत.

"तुझं काय उद्दिष्ट?" काकांनी एकदा चादरीची घडी घालता घालता विचारलं.

"लोकांशी बोलायला शिकायचंय."

"अर्धं कर."

"एका माणसाशी बोलायचं."

"अर्धं."

"एक वाक्य?"

"अर्धं."

"काका, अर्धं वाक्य कसं बोलणार?"

"सुरुवात करून थांबायचं. समोरच्याला राहवत नाही, तो पुरं करतो. मग तुझं काम झालं."

त्यांनी कार्ड लिहून दिलं. आठवड्याला अर्धं वाक्य, एका माणसाला. मी लायब्ररीतल्या बाईंना, बँकेतल्या मुलीला आणि मंजिरीताईंना अशी अर्धी वाक्यं दिली. काकांचं खरं होतं. लोक पुरी करतात. शनिवारी मी हजेरी द्यायची आणि ते नकलेवर टिक करायचे.

हे सगळं गमतीचं होतं. डोळ्यांचं मात्र हळूहळू गमतीचं राहिलं नव्हतं. रियाच्या त्या वाढदिवसाच्या आदल्या वर्षी काकांनी दोन घरी सांगितलं होतं, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. दोघांनी रजा टाकून नेलं. दोन्ही मुलांचे डोळे उत्तम. त्यानंतर काका 'टेपवाले' झाले. दिवाळीच्या जेवणात ते नितीनदादाला म्हणाले, "तुझी इरा टीव्हीच्या फार जवळ बसते." नितीनदादाचं हसू मावळलं. "काका, यार, सगळीच मुलं बसतात. आता पुरे. माझी मुलगी आहे ती, तुमची बेअरिंग नाही."

इरा म्हणजे रियाची धाकटी बहीण. चार वर्षांची. पुढच्या वर्षी शाळेत जाणार होती.

तर, रियाच्या वाढदिवसाला समुद्री चाचे व्हायचं ठरलं होतं. प्रत्येक मुलाला कागदी टोपी, रबरी सुरी आणि डोळ्यावर बांधायची काळी पट्टी. पट्ट्या बांधायचं काम मंजिरीताईंनी माझ्याकडे दिलं, कारण मी खालीच होते. मी इराच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली. ती सुरी घेऊन सोफ्यावर चढली, उतरली, तिनं दोघांना ठार मारलं. मग पट्टी घसरली. मी पुन्हा बांधली, या खेपेला उजव्या डोळ्यावर.

इरा किंचाळली. "टेक इट ऑफ! टेक इट ऑफ!" तिनं पट्टी ओरबाडून काढली आणि माझा हात घट्ट धरला.

"ड्रामा क्वीन," नितीनदादा जिन्यावरून लाडानं म्हणाला. "हिला तर चाचा नाही, हिरॉइनच करायला पाहिजे!"

मी पुन्हा डाव्या डोळ्यावर बांधली. इरा लगेच खेळायला लागली. थोड्या वेळानं खेळ म्हणून मी उजव्या डोळ्यावर नुसता तळहात धरला. तिनं तो झटकला. आणखी थोड्या वेळानं पुन्हा धरला, पुन्हा झटकला. डाव्यावर धरला तर ती हसत उभी राहिली.

मी वर जाऊन मंजिरीताईंना सांगायला हवं होतं. वर पंधरा बायका होत्या आणि केक कापायचा होता. मी केक खाल्ला आणि घरी आले.

पुढच्या शनिवारी मी काकांना सांगितलं. त्यांनी हातातली चादर मशीनवर ठेवली.

"किती वेळा बघितलंस?"

"तीनदा."

"दर वेळी उजवाच?"

"हो."

ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. ड्रायर फिरत होता, आत कोणाचं तरी बटण टकटक वाजत होतं.

"मी रेघ कशाला काढतो?"

"मुलांनी मागे बसावं म्हणून."

"मुलं मागे बसतात का कधी? पाच मिनिटांत सगळी पुढे येतात. टायमर वाजला की मी त्यांना उठवतो, परत मागे बसवतो. आणि बघत राहतो. सगळ्यात आधी रेघ कोण ओलांडतं. दर वेळी तेच मूल ओलांडत असेल, तर त्याला खोडी करायची नसते. त्याला दिसत नसतं. नितीनकडे दर वेळी इरा."

मी तीन वर्षं त्या सोफ्याच्या कडेला बसत होते. काका टीव्हीकडे कधीच बघत नाहीत, मुलांकडे बघतात, हे मला दिसलं होतं. त्याचं काय करायचं ते सुचलं नव्हतं.

"मीना अशीच पुढे सरकायची," काका म्हणाले. "मी म्हणायचो, मागे हो, डोळे फुटतील. चार-पाच वर्षं रोज म्हटलं. का पुढे येतेस, असं एकदाही विचारलं नाही. चेंडू टाकला की सुटायचा. मी म्हणायचो, हातांना भोकं पडलीत का? शाळेतल्या तपासणीत पास झाली. रांगेतल्या पुढच्या मुली अक्षरं म्हणायच्या, ती ऐकून पाठ करायची. पाठांतर चांगलं होतं तिचं. मीच करून घ्यायचो, पाढे बिढे. अकराव्या वर्षी कळलं. उजव्याला चष्मा लागला, त्याचं निभावलं. डावा राहिला. डॉक्टर म्हणाले, लहान असती तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्याला कामाला लावलं असतं. आता उशीर झाला." त्यांनी चादरीची कड उगाच सरळ केली. "आणि मी दिवसभर केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक शोधत होतो."

ते उठले. वाकताना खिशातली कार्डं खाली पडली. मी गोळा केली. बहुतेक आमचीच होती. एकावर लिहिलं होतं, 'रविवार, मीनाला फोन'. पुढे 'दहा मिनिटं', ते खोडलेलं. 'पाच', तेही खोडलेलं. मग 'अडीच'. खाली आठवड्यांच्या चौकटी. काहींत टिक होती, बऱ्याच रिकाम्या होत्या. मी ते कार्ड बाकीच्यांच्या मधोमध सरकवून गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"नितीनदादाला सांगा ना तुम्ही," मी म्हटलं.

"माझ्या सांगण्याचं काय झालंय ते माहीत आहे तुला. मी पुन्हा बोललो, तर मुद्दाम नेणार नाहीत. तू सांग."

"मी?"

"तू कधी बोलत नाहीस. तू बोललीस तर लोक वळून बघतील."

"काका, हे झेपणार नाही मला." मग मी त्यांचीच युक्ती त्यांच्यावर चालवली. "अर्धं करा ना."

काकांनी कार्ड काढलं. पेन उघडलं. कार्डावर टेकवलं. मग पेन बंद केलं.

"हे अर्धं होत नाही," ते म्हणाले.

त्याच्या पुढच्या शनिवारी मंजिरीताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका वर, पुरुष आणि मुलं खाली. मी आधी खाली डोकावले. काका सोफ्यावर बसले होते, हात मांडीवर, रीळ शेजारी. गालिच्यावर रेघ नव्हती. "काका, आज सुट्टी का टेपला?" कोणी तरी विचारलं. ते नुसते हसले. इरा टीव्हीच्या काचेला नाक लावायच्या बेतात होती.

मी वर आले. मंजिरीताई ओट्यापाशी डब्यातले तिळाचे लाडू ताटात काढत होत्या. मी अर्ध्या वाक्यानं सुरुवात केली. "मंजिरीताई, इराला..."

"भूक लागली का तिला?" त्यांनी वाक्य पुरं केलं आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "दे तिला हा."

माझं काम नेहमीप्रमाणे झालं होतं. लाडू घेऊन मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"भूक नाही. तिला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाहीये. तिला डॉक्टरांकडे न्या."

ओट्याभोवतालच्या बायकांनी वळून बघितलं. नितीनदादा बर्फाची पिशवी न्यायला वर आला होता. त्यानं फ्रीजचं दार उघडंच धरलं.

"टेपवाल्या काकांनी पढवून पाठवलं का तुला?" तो म्हणाला. एक-दोघी हसल्या. मंजिरीताई हसल्या नाहीत.

माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. जिन्याचं दार उघडं होतं, तो खालीही गेला असणार.

"नाही. मी स्वतः बघितलंय, तीन वेळा. तिचा उजवा डोळा झाका, ती हात झटकेल. तेव्हा तिला ओरडू नका, ती असं का करते ते विचारा. सोमवारी अपॉइंटमेंट घ्या, मी येते तुमच्याबरोबर. आणि काकांना टेपवाले म्हणू नका, त्यांचं नाव घाटपांडे आहे."