जिन्याचा एक गुण

ताईंच्या उजव्या हाताचा अंगठा आडवा सरकतो, तो साधारण पोस्टाच्या तिकिटाच्या रुंदीएवढा. तेवढ्या सरकण्यावर त्या विजेची खुर्ची चालवतात, इमारतींचे नकाशे काढतात आणि खिडक्या विसरणाऱ्या बिल्डरांना खरमरीत पत्रं लिहितात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आजाराने बाकीचे स्नायू एकेक करून काढून घेतले होते. अंगठा तेवढा औषधाने राखला होता.

सरकारी औषध मिळत राहण्याची अट सोपी होती. दरवर्षी मोजमाप व्हावं आणि गुण घटू नयेत. मोजपट्टी मुळात लहान मुलांसाठी केलेली. तीत रांगणं होतं, उडी मारणं होतं, जिना चढणं होतं. अंगठा नव्हता.

गेल्या वर्षी मापन कक्षापर्यंत लिफ्ट नव्हती. धाकट्या भावाने ताईंना पाठुंगळी मारून वर आणलं. मापनतज्ज्ञ बाई शून्यं भरत भरत जिन्याच्या रकान्यापाशी थांबल्या.

"वर कशा आलात?"

"जिन्याने."

"मदत घेतलीत?"

"घेतली की!"

"मग एक गुण."

"चढलो मी, कंबर गेली माझी, आणि गुण हिला?" भाऊ कळवळला.

"तुमचं मोजमाप नाहीये," बाई म्हणाल्या.

यंदा लिफ्ट झाली. ताई खुर्चीसकट, कुणाचाही हात न लागता वर पोचल्या. बाईंनी मनापासून अभिनंदन केलं आणि शून्य दिलं.

"एकावरून शून्य. शंभर टक्के घसरण. औषध थांबवावं लागेल."

"अहो, औषध थांबलं तर हा अंगठाही जाईल!"

"अंगठ्याला रकाना नाही. तो गेला तरी तुमचे गुण कमी होणार नाहीत, काळजी नको."

प्रकरण समितीकडे गेलं. समितीने लिफ्टचा नकाशा मागवला. त्यावर सही ताईंची होती.

"म्हणजे घसरण तुम्ही स्वतःच घडवून आणलीत," अध्यक्ष खेदाने म्हणाले.

"मग मी परत जिन्याने येते."

"ताई, माझी कंबर..."

"तू गप रे. पट्टा बांध."

"लिफ्ट असताना जिना वापरणं म्हणजे गुण लाटणं," एका सदस्याने हरकत घेतली.

निर्णय लांबत गेला. घरातली औषधाची शेवटची बाटली संपली. नकाशावरची सरळ रेघ काढताना अंगठा मध्येच थबकू लागला; पुढे खुर्ची दारातून वळवायलाही भावाला हाक मारावी लागू लागली. समितीने याची नोंद घेतली नाही, कारण गुण स्थिर होते.

अखेर एका दुपारी अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि घसा साफ केला.

"समितीने सहानुभूतीने विचार केला आहे. रुग्णाचा गुण हिरावला जाऊ नये, म्हणून औषध चालू राहील आणि आजपासून रुग्णांना लिफ्ट बंद राहील. धडधाकट माणसांनी ती खुशाल वापरावी. त्यांना कोण मोजतंय?"