परुळेकरकाकांची पडताळणी

डॉक्टरनं नाडीला हात लावायच्या आधी परुळेकरकाका डॉक्टरच्या भिंतीला हात लावतात. तिथे टांगलेलं प्रत्येक सर्टिफिकेट नाक टेकवून वाचायचं, शिक्का कोणाचा ते बघायचं, मगच खुर्चीत टेकायचं. साध्या सर्दीला गेले तरी हेच.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दादरची खोली विकून मीरा रोडला आमच्या समोरच्या दारात राहायला आले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे माणूस दिसला की हा काटा कुठे मारतो, एवढंच त्यांना सुचतं. रिक्षाचा मीटर असो की वाण्याचा किलो, प्रश्न एकच, "शेवटची पडताळणी कधी झाली?" फक्त उत्तनहून येणारी मासेवाली त्यांना पुरून उरली, कारण ती वजनावर विकतच नाही. "वाटा हाय काका, आवडला तं घ्या. काटाबिटा आपल्याकडं न्हाय," असं ती म्हणते आणि काका मुकाट्यानं बोंबील घेऊन वर येतात.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. तेव्हा, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत, आमच्याकडे टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्यांचं पेव फुटलं होतं. कालपर्यंत बाळंतपणं करणारे डॉक्टर आज वंध्यत्वतज्ज्ञ झाले होते. कोणाकडे जावं कळेना. हे मी परुळेकरकाकूंपाशी बोलले आणि दुसऱ्याच दिवशी काका चपला घालून दारात उभे. "मी येतो. तुम्ही तब्येत दाखवा, मी भिंत बघतो."

"म्हाताऱ्याला यात काय इंटरेस्ट आहे?" निलेश, म्हणजे माझा नवरा, माझ्या कानाशी पुटपुटला. मलाही ते खटकलंच होतं. त्यांना स्वतःला मूल नाही, मग आमच्या भानगडीत इतका रस कशाला? त्यात काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "ह्यांना नेऊ नकोस." का, ते विचारलं तर पदर खोचून आत निघून गेल्या. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? नेलं.

पहिला दवाखाना चकाचक. काचेचं दार, एसी, एका भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो, दुसरीवर सर्टिफिकेटं. काकांनी आधी बाळं तपासली. "ही इथलीच कशावरून? ही तर कॅलेंडरातली दिसतायत." मग ते दुसऱ्या भिंतीकडे वळले.

"अंकल, बैठिए ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सर फॉरेन रिटर्न हैं."

"रिटर्न तो ठीक है. गये किसलिए थे?"

मग आम्हाला जवळ बोलावून त्यांनी ती मोठी सोनेरी चौकट दाखवली. "वाच. डॉक्टर तिकडे फक्त बघायला गेला होता, स्पष्ट लिहिलंय. आणि ही बाकीची सगळी हजेरीची. परिषदेला बसला, जेवला, सर्टिफिकेट घेतलं. काठावर बसून पोहणं बघितलं म्हणून पोहता येतं का?" आम्ही नंबर न लावताच बाहेर पडलो. असे आणखी काही दवाखाने झाले आणि निलेश वैतागला. हा माणूस आपल्याला कुठे उपचार करूच देणार नाही, असं आता मलाही वाटायला लागलं होतं.

शेवटी भाईंदर पश्चिमेला एका बाई डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवर मोजक्याच चौकटी. काका आमच्याबरोबर थेट आत शिरले आणि उलटतपासणीला लागले. आश्चर्य म्हणजे बाई चिडल्या नाहीत.

"आधी स्त्रीरोगात एमडी. मग मोठ्या रुग्णालयात वंध्यत्व आणि हॉर्मोन्सची दोन वर्षांची फेलोशिप. सगळं स्वतःच्या हातानं, सीनियर शेजारी उभे. मग परीक्षा."

"घेतली कोणी? तुमच्याच सरांनी?"

"नाही, बाहेरच्या परीक्षकांनी."

"नापास करतात का?"

"मला केलं होतं एकदा."

काकांचा चेहरा उजळला. "मग परीक्षा खरी आहे," ते आम्हाला म्हणाले. मला वाटलं, सुटलो. पण काका उठेनात.

"मॅडम, एक राहिलं. इंजेक्शनं कधी सुरू करायची ते शिकलात. कधी थांबवायची, ते शिकवतात का?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पुस्तकात आहे. पण पेशंटला तोंडावर सांगायला कोणी शिकवत नाही. जड जातं ते."

"आमच्या डॉक्टरलाही जड गेलं," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू, करत राहिला. आमची ही इंजेक्शनांनी सुजायची, रडायची, परत जायची. मला बघवेना. शेवटी मीच म्हटलं, आता पुरे. तिला वाटलं, मलाच मूल नको होतं. अजून तसंच वाटतं तिला."

काकू जिन्यात मला का अडवत होत्या ते तेव्हा कळलं. काकांवर घेतलेल्या संशयाची लाज वाटून मी नुसती पदराशी चाळा करत राहिले. निलेशनंही मान खाली घातली होती.

काका खुर्चीचा हात धरून उठले. "उपचार करा. देव करो, यश येवो. पण नाहीच आलं, तर थांब म्हणून हिला तुम्ही सांगा, मॅडम. ह्या पोरावर सोपवू नका."